फळ्यावरचे आकडे : पश्चिम केनियातील आठवीच्या मुली, मोठ्या वयाचे पुरुष आणि एचआयव्ही

२००४ साली पश्चिम केनियातल्या ७१ प्राथमिक शाळांमध्ये आठवीच्या वर्गावर एका स्वयंसेवी संस्थेचा कार्यकर्ता एकदाच, अवघ्या चाळीस मिनिटांसाठी येऊन गेला. त्याने मुलामुलींकडून आधी एक निनावी प्रश्नावली भरून घेतली, मोठ्या वयाचे पुरुष शाळकरी मुलींना कसे जाळ्यात ओढतात हे दाखवणारी दहा मिनिटांची चित्रफीत दाखवली, तिच्यावर वर्गाला बोलते केले आणि मग खडू हातात घेऊन किसुमू या जवळच्या शहरातले एचआयव्हीच्या लागणीचे प्रमाण वयोगटानुसार, स्त्रियांचे वेगळे आणि पुरुषांचे वेगळे, फळ्यावर लिहून काढले. त्याने संयमाचा उपदेश केला नाही, कंडोमचे प्रात्यक्षिक दाखवले नाही, पैसे किंवा वस्तू वाटल्या नाहीत आणि तो पुन्हा त्या वर्गात आला नाही. सुमारे वर्षभराने या शाळांची तुलना असा तास न झालेल्या शाळांशी केली, तेव्हा तास झालेल्या शाळांतल्या मुलींमध्ये अकाली मातृत्वाचे प्रमाण २८ टक्क्यांनी कमी आढळले, आणि स्वतःपेक्षा पाच किंवा अधिक वर्षांनी मोठ्या पुरुषापासून मूल होण्याचे प्रमाण तर साठ टक्क्यांहून अधिक घटलेले आढळले.

पास्कलीन द्युपा या अर्थशास्त्रज्ञ स्त्रीने आखलेला हा प्रयोग २०११ मध्ये सविस्तर प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर तो अनेकदा उद्धृत केला गेला. मात्र तो बहुधा दोन ओळींत सांगितला जातो, आणि दोन ओळींत सांगितला की ‘माहिती दिली, वर्तन बदलले’ एवढाच बोध हाती उरतो. हे प्रकरण त्याहून खोल आहे. मुलींना कोणती माहिती आधीच होती, कोणती मुद्दाम दिली जात नव्हती, आणि माहिती मिळाल्यावरही कोणती गरज तशीच शिल्लक राहत होती, हे पाहिल्याशिवाय त्या चाळीस मिनिटांत काय घडले याचा उलगडा होत नाही.

प्रदेश आणि काळ

बुंगोमा आणि बुटेरे-मुमियास हे तेव्हाच्या पश्चिम प्रांतातले जिल्हे युगांडाच्या सीमेजवळ आहेत. मका आणि ऊस ही इथली पिके, आणि मुमियासचा साखर कारखाना हा एके काळी या भागाच्या अर्थकारणाचा कणा होता. मोम्बासा बंदरापासून नैरोबीमार्गे युगांडाकडे जाणारा मालवाहतुकीचा महामार्ग याच पट्ट्यातून मलाबाच्या नाक्यापर्यंत जातो. दक्षिणेला व्हिक्टोरिया सरोवर आणि त्याच्या काठचे किसुमू शहर आहे. ऊस तोडून पैसे मिळाले की खर्च करणारा माणूस, ट्रकचालक, मासळीचा व्यापारी, सायकलवरून आणि पुढे मोटारसायकलवरून प्रवासी नेणारा बोडाबोडावाला, दुकानदार, आणि कधी कधी खुद्द शाळेचा मास्तर, असे हातात रोकड असलेले पुरुष या मुलींच्या रोजच्या वाटेवर होते. मुलींच्या घरात मात्र रोकड क्वचितच असे.

२००३ च्या सर्वेक्षणानुसार केनियात १५ ते ४९ या वयोगटात सुमारे सात टक्के लोकांना एचआयव्हीची लागण झालेली होती. स्त्रियांमध्ये हे प्रमाण नऊ टक्क्यांच्या जवळ, पुरुषांमध्ये पाच टक्क्यांच्या खाली, तर सरोवराकाठच्या न्यान्झा प्रांतात एकूण पंधरा टक्क्यांच्या घरात होते. त्याच वर्षी जानेवारीत सरकारने प्राथमिक शिक्षण निःशुल्क केले. फी गेली, पण गणवेशाची अपेक्षा राहिली. एका गणवेशाची किंमत सुमारे सहा डॉलर, म्हणजे दिवसाला एक-दोन डॉलरवर गुजराण करणाऱ्या कुटुंबाला पेलण्याजोगा खर्च नव्हे.

आठवी हा केनियातल्या प्राथमिक शिक्षणाचा शेवटचा वर्ग होता. वर्षाच्या अखेरीस राष्ट्रीय परीक्षा असे आणि तिच्यापलीकडे माध्यमिक शाळेची फी उभी असे, कारण माध्यमिक शिक्षणाचे शुल्क सरकारने उचलायला सुरुवात केली ती २००८ मध्ये. उशिरा प्रवेश आणि मधली गळती यांमुळे आठवीतल्या मुलीचे वय साधारणपणे पंधरा असे. म्हणजे ज्या वयात शाळेची वाट अरुंद होत होती, नेमक्या त्याच वयात रोकड असलेल्या पुरुषाचे तिच्याकडे लक्ष जात होते.

देवाणघेवाणीचे स्वरूप

या संबंधांना देहविक्रय म्हणणे चुकीचे ठरेल, आणि अशा नात्यातल्या मुलीही स्वतःला तसे म्हणवून घेत नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक कार्यक्रमाने आणि या क्षेत्रातल्या संशोधकांनी त्यांची व्याख्या करताना तीन गोष्टी धरल्या आहेत: हे संबंध विवाहातले नाहीत, ते उघड सौदा करून ठरवलेल्या दराचे नाहीत, पण पुरुषाकडून काही ना काही मिळेल ही न बोललेली अपेक्षा त्यांच्या मुळाशी आहे. काय मिळेल, याचा पल्ला मोठा आहे. कुठे ती दोन वेळच्या जेवणाची सोय असते, कुठे परीक्षेची फी, कुठे अंगाला लावायचे तेल आणि साबण, तर कुठे मैत्रिणींमध्ये मान वाढवणारी चप्पल किंवा मोबाईल. कित्येकदा ती भेटच प्रेमाची खूण मानली जाते आणि काही न देणारा पुरुष आपल्यावर प्रेमच करत नाही असा अर्थ लावला जातो. गरज, प्रतिष्ठा आणि प्रेम हे तिन्ही धागे एकाच नात्यात गुंफलेले असू शकतात, म्हणून ‘ती गरीब होती म्हणून गेली’ किंवा ‘तिला चैन हवी होती म्हणून गेली’ हे दोन्ही निवाडे उतावळेपणाचे आहेत.

केनियात अशा पुरुषाला ‘शुगर डॅडी’ म्हणत आणि अलीकडे ‘स्पॉन्सर’ म्हणतात. सरोवराकाठी मासळी विकणाऱ्या बायकांना मासेमाराकडून माल मिळण्यासाठी त्याच्याशी संबंध ठेवावे लागत, त्या प्रथेला लुओ भाषिक ‘जाबोया’ म्हणतात. ती मुख्यतः प्रौढ स्त्रियांची कहाणी असली, तरी तिच्या सावलीत वाढणारी मुलगी काय शिकते हे सांगण्याची गरज नाही.

या देवाणघेवाणीतली सर्वांत बोचरी गोष्ट सॅनिटरी पॅडची आहे. पश्चिम केनियाच्या ग्रामीण भागात १३ ते २९ वयाच्या तीन हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी करून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की पॅड वापरणाऱ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणींना ते त्यांच्या जोडीदाराकडून मिळत होते, आणि पंधरा वर्षे किंवा त्याहून कमी वयाच्या मुलींमध्ये दहातल्या एकीने पॅडसाठी पैसे मिळावेत म्हणून शरीरसंबंध ठेवल्याचे सांगितले. महिन्याला काही शिलिंग. आईकडे मागायला संकोच, वडिलांकडे मागण्याचा प्रश्नच नाही, आणि शाळेत डाग पडला तर दुसऱ्या दिवशी वर्गात पाऊल टाकण्याचा धीर नाही, अशा कोंडीत ते शिलिंग जो देतो तो काय मागतो याचा हिशेब मुलगी मग करत नाही. केनिया सरकारने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून शाळकरी मुलींना मोफत पॅड देण्याची जबाबदारी स्वीकारली, हे या पार्श्वभूमीवर केवळ स्वच्छतेचे पाऊल नव्हते.

आणखी एक गोष्ट निःसंदिग्धपणे नोंदवायला हवी. पंधरा वर्षांच्या मुलीशी पस्तीस वर्षांच्या पुरुषाने ठेवलेला संबंध हा केनियाच्या २००६ च्या लैंगिक गुन्हेविषयक कायद्याने गुन्हा आहे. अठरा वर्षांखालील मुलीची संमती तिथे बचाव ठरत नाही आणि १६ ते १८ वयाच्या मुलीच्या बाबतीतही किमान शिक्षा पंधरा वर्षांची आहे. देवाणघेवाण हा शब्द संशोधनापुरता सोयीचा आहे, पण तो दोन बरोबरीच्या माणसांचे चित्र उभे करतो, आणि इथे बरोबरी नाही.

धोका कुठे साठलेला असतो

किसुमू आणि झांबियातले एन्डोला या शहरांत १९९७-९८ मध्ये झालेल्या अभ्यासात एक चकित करणारी तफावत दिसली होती. १५ ते १९ या वयोगटातल्या, शरीरसंबंध सुरू झालेल्या मुलींमध्ये लागणीचे प्रमाण त्याच वयाच्या मुलग्यांच्या सहा पट होते. वीस ते चोवीस वयात ते तिप्पट आणि पंचविशीनंतर जवळपास बरोबरीचे. मुली जर आपल्या वयाच्या मुलग्यांशीच संबंध ठेवत असत्या, तर एवढी दरी पडण्याचे कारण नव्हते. मुलीच्या शरीराची घडण हे त्याचे एक कारण आहे: कोवळ्या वयात गर्भाशयमुखाचा नाजूक पेशीस्तर उघडा असतो आणि जननेंद्रियांच्या नागिणीसारखा दुसरा संसर्ग आधी झालेला असेल तर विषाणूला वाट अधिक सोपी होते. पण हे कारण पुरेसे नाही. विषाणू तिच्यापर्यंत आला तो वयाने मोठ्या पुरुषाकडून.

पुरुषांमधला लागणीचा चढ वयाबरोबर कसा जातो हे किसुमूच्या आकड्यांत स्पष्ट होते. १५ ते १९ वयाच्या मुलग्यांत शंभरात सुमारे चौघे बाधित, तर पंचविशी ओलांडलेल्यांत चतुर्थांशाहून जास्त. यामागचे गणित साधे आहे. बरा न होणारा संसर्ग वर्षागणिक साचत जातो, आणि उपचार नसलेल्या त्या काळात पुरुष जितकी वर्षे संबंध ठेवत आला, तितकी त्याला लागण झालेली असण्याची शक्यता वाढत जाई. त्यात भर पडते ती मुलीच्या हतबलतेची, कारण ज्याने फी भरली त्याला ‘कंडोम वापर’ असे सांगणे तिला जवळजवळ अशक्य असते. आफ्रिकेतल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतल्यावर अशा देवाणघेवाणीच्या संबंधांतल्या स्त्रियांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण इतर स्त्रियांच्या सुमारे दीडपट आढळले आहे.

पण मुलींना हे ठाऊक नव्हते. एड्स म्हणजे काय, तो कसा पसरतो, तो जीवघेणा आहे, हे त्यांना पाठ होते. कोणाकडून त्याचा धोका अधिक, हे मात्र त्यांनी उलटे धरले होते. स्थिरस्थावर झालेला, बायकामुले असलेला, नीटनेटके कपडे घालणारा माणूस सुरक्षित, आणि वर्गातला उनाड मुलगा धोक्याचा, हा समज आपल्याकडेही अपरिचित नाही.

शाळेत काय शिकवले जात होते

केनियाच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात एचआयव्हीचा विषय १९९९ पासून होता. त्याचा गाभा एकच होता: विवाहापर्यंत संयम. कंडोमचा विषय टाळलेला होता, आणि जोडीदाराच्या वयानुसार धोका बदलतो ही गोष्ट तर त्यात नव्हतीच. यामागे दुष्ट हेतू नव्हता. धर्मसंस्थांचे शाळांवरचे वजन मोठे होते आणि मुलांसमोर धोक्याची प्रतवारी मांडली तर कमी धोक्याच्या प्रकाराला मुभा दिल्यासारखे होईल, ही भीती प्रामाणिक होती. २००७ साली महाराष्ट्रासह काही राज्यांनी किशोरवयीन शिक्षणाच्या कार्यक्रमाला शाळांत मज्जाव केला, तेव्हा जी भाषा आपण ऐकली, तीच ही भाषा होती.

या भीतीची परीक्षा घेता आली ती एका मोठ्या प्रयोगामुळे. एस्थर डफ्लो, पास्कलीन द्युपा आणि मायकेल क्रेमर यांनी इंटरनॅशनल चाइल्ड सपोर्ट या संस्थेबरोबर २००३ मध्ये या दोन जिल्ह्यांतल्या ३२८ शाळा चिठ्ठी टाकावी तशा गटांत विभागल्या. काही शाळांतल्या शिक्षकांना राष्ट्रीय अभ्यासक्रम नीट शिकवण्याचे प्रशिक्षण दिले, काही शाळांत सहावीच्या मुलामुलींना मोफत गणवेश दिला, काहींत दोन्ही केले आणि काहींत काहीच नाही. याच शाळांमधून २००४ मध्ये ७१ शाळा पुन्हा चिठ्ठीनेच निवडून तिथे द्युपा यांचा फळ्यावरच्या आकड्यांचा तास झाला. निवड नशिबावर सोपवलेली असल्यामुळे, चांगल्या शाळांतल्या मुली मुळातच सावध होत्या, हा आक्षेप इथे उरत नाही.

मोजायचे काय, हा या प्रकरणातला कळीचा प्रश्न होता आणि माझ्या मते त्याचे उत्तरच या प्रयोगाचे मोठे श्रेय आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला तिच्या शरीरसंबंधांविषयी विचारले तर उत्तर काय येईल हे विचारणाऱ्याला ठाऊक असते. संयमाचे धडे दिलेल्या वर्गात ते उत्तर आणखी बेतलेले येते. म्हणून संशोधकांनी बाळंतपण मोजले. शाळेत जाऊन पटावरचे एकेक नाव वर्गसोबत्यांसमोर वाचायचे, ती मुलगी शाळेत आहे का, तिला मूल झाले का, लग्न झाले का, मुलाचा बाप साधारण किती वयाचा, हे विचारायचे आणि काही मुलींच्या घरी जाऊन खातरजमा करायची. गावात या गोष्टी झाकलेल्या राहत नाहीत. असुरक्षित संबंधांची ही अशी खूण आहे की जी लाजेपोटी लपवता येत नाही. ती सगळे मोजत नाही हेही खरे, कारण गर्भ न राहिलेला संबंध आणि पाडलेला गर्भ दोन्ही तिच्या नजरेतून सुटतात.

निष्पत्ती

ज्या शाळांत तास झाला नव्हता तिथे वर्षभरात शंभरातल्या पाचांहून अधिक मुली आई झाल्या होत्या. तास झालेल्या शाळांत हा आकडा सुमारे दीडने खाली आला. घट जवळजवळ सगळी मोठ्या वयाच्या पुरुषांच्या बाजूची होती, आणि समवयस्क मुलग्यांपासून होणाऱ्या गर्भधारणांत त्या प्रमाणात वाढ झाली नाही. मुलींनी स्वतः दिलेली उत्तरेही त्याच दिशेची होती: मोठ्या पुरुषांपासून त्या दूर गेल्या, काही जणी बरोबरीच्या मुलग्यांकडे वळल्या, आणि त्या संबंधांत कंडोमचा वापर वाढला. याउलट, केवळ राष्ट्रीय अभ्यासक्रमाचे प्रशिक्षण दिलेल्या शाळांत किशोरवयीन गर्भधारणेवर काहीच परिणाम दिसला नाही. दिसला तो एवढाच, की गर्भ राहिलेल्या मुलीचे त्या पुरुषाशी लग्न होण्याचे प्रमाण वाढले. संयमाचा पाठ विवाहावर येऊन थांबत होता, आणि मुलींनी तो तसाच घेतला.

‘संबंध ठेवू नका’ असे सांगितल्यावर मुली थांबल्या नाहीत, पण ‘कोणाशी ठेवल्यास काय होऊ शकते’ हे कळल्यावर त्यांनी निवड बदलली. पंधरा वर्षांची मुलगी आकडा वाचू शकते, त्याचा अर्थ लावू शकते आणि त्यावरून आपले पाऊल बदलू शकते, हे या प्रयोगाने ठामपणे दाखवले, आणि मला त्याचे फार मोल वाटते, कारण गरीब घरातल्या मुलींविषयी बोलताना त्यांना विचार करणारी माणसे मानण्याचे आपण सहसा विसरतो.

आक्षेप उरतातच. पहिला नैतिक: या तासाने मुलींना समवयस्कांकडे ढकलले नाही काय? आकडे सांगतात की त्या बाजूच्या गर्भधारणा वाढल्या नाहीत, आणि बरोबरीच्या मुलाला ‘नको’ किंवा ‘असे नको’ म्हणणे फी भरणाऱ्याला म्हणण्याहून सोपे असते. दुसरा आक्षेप शास्त्रीय आहे आणि तो अधिक वजनाचा आहे. इथे एचआयव्ही मोजलेलाच नाही, मोजले ते मातृत्व. शिवाय वयातले अंतर सर्वत्र सारखाच धोका दाखवत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नाताळच्या ग्रामीण भागात २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जोडीदार किती वर्षांनी मोठा याचा तरुण स्त्रियांना नव्याने होणाऱ्या लागणीशी संबंध आढळला नाही, तर त्याच प्रांतात विषाणूंच्या जनुकीय साखळ्या जुळवून २०१७ मध्ये मांडलेल्या अभ्यासात पंचवीस वर्षांखालील स्त्रियांना विषाणू देणारे पुरुष सरासरी साडेआठ वर्षांहून अधिक मोठे असल्याचे दिसले. म्हणजे फळ्यावर लिहायचे आकडे त्या गावचे आणि त्या काळचेच असले पाहिजेत.

शिकवणारा कोण, यानेही फरक पडतो. बोत्स्वानात काही वर्षांनी असाच तास घेऊन पाहिला, तेव्हा मुलींहून थोड्याच मोठ्या तरुण कार्यकर्त्यांनी तो घेतला तिथे गर्भधारणा घटल्या आणि सरकारी शिक्षकांनी घेतला तिथे घटल्या नाहीत. यात शिक्षकांना दोष देण्याचा हेतू नाही. पण ज्याच्या वयाचा पुरुषच फळ्यावरच्या धोक्याच्या रांगेत बसतो, त्याच्यासमोर मुलगी प्रश्न विचारणार कसा?

गणवेशाची बाजू

माहितीचा तास हा या प्रकरणाचा निम्माच भाग आहे. उरलेला निम्मा त्या सहा डॉलरच्या गणवेशात आहे. ज्या शाळांत फक्त गणवेश मिळाला, तिथे मुलामुलींची गळती कमी झाली, आणि तीन वर्षांत आई झालेल्या मुलींचे प्रमाण १६ टक्क्यांवरून सुमारे १३ टक्क्यांवर आले. एड्सबद्दल एक अक्षर न बोलता हे झाले. शाळेत टिकण्याची वाट उघडी राहिली, की तिच्या बदल्यात काही मोजावे लागत नाही, आणि मूल झाले तर ती वाट बंद होणार हे मुलीला ठाऊक असल्याने ती सावध राहते.

इथेच निष्कर्ष सरळ राहत नाही, आणि मी या प्रकरणाकडे पुन्हा पुन्हा वळतो ते त्यामुळेच. सात वर्षांनी संशोधकांनी त्याच मुलामुलींना शोधून त्यांच्या रक्तात जननेंद्रियांच्या नागिणीचा विषाणू तपासला. या वयात एचआयव्ही तुलनेने विरळ असतो, आणि हा विषाणू एकदा झाला की आयुष्यभर खूण सोडतो, म्हणून असुरक्षित संबंधांचा तो भरवशाचा साक्षीदार ठरतो. गणवेशाने गर्भधारणा घटवल्या होत्या, पण या संसर्गात घट झाली नव्हती. नुसत्या अभ्यासक्रमाने दोन्हीपैकी काहीच घटवले नव्हते. दोन्ही एकत्र दिले तिथे संसर्ग घटला, पण गर्भधारणेतली घट नुसत्या गणवेशाइतकी राहिली नाही. गर्भ आणि विषाणू हे दोन धोके आपण एकाच शब्दात बोलतो, पण ते एकाच नात्यातून येत नाहीत. बांधिलकीच्या, लग्नाकडे जाणाऱ्या नात्यात गर्भ अधिक राहतो आणि धरसोडीच्या संबंधांत विषाणू अधिक फिरतो, असा अर्थ संशोधकांनी लावला.

मलावीतल्या झोम्बा जिल्ह्यात २००८-०९ मध्ये मुलींना आणि त्यांच्या पालकांना दरमहा थोडी रोख रक्कम दिली गेली, तेव्हा शाळेत असलेल्या मुलींमध्ये अठरा महिन्यांनी एचआयव्हीचे प्रमाण १.२ टक्के आढळले, तर रक्कम न मिळालेल्यांत ३ टक्के. रक्कम मिळालेल्या मुलींचे मोठ्या वयाच्या पुरुषांशी संबंधही कमी होते. मात्र दक्षिण आफ्रिकेत जिथे जवळजवळ सगळ्याच मुली शाळेत जात होत्या, तिथे शाळेच्या अटीवर दिलेल्या रकमेने नव्या लागणीत फरक पडला नाही. जी मुलगी आधीच शाळेत आहे तिला शाळेत ठेवण्यासाठी दिलेले पैसे नव्या संरक्षणाचे काम करत नाहीत, हे ध्यानात घेतले की हे दोन निकाल एकमेकांच्या विरोधात जात नाहीत.

आजचा तक्ता

२००४ चा फळा आज तसाच उतरवून चालणार नाही. तेव्हा केनियाच्या खेड्यांत उपचार जवळजवळ नव्हते. आता नियमित औषधे घेणाऱ्या आणि रक्तातला विषाणू न सापडण्याइतका कमी झालेल्या माणसाकडून शरीरसंबंधांतून लागण होत नाही, आणि ज्याने चाचणीच केलेली नाही असा तरुण अधिक धोक्याचा असू शकतो. पुरुषांच्या सुंतेमुळे त्यांना होणारी लागण निम्म्याहून अधिक घटते, हे किसुमूतल्याच चाचणीने दाखवले आणि २००८ पासून तो कार्यक्रम या भागात राबवला गेला. एचआयव्हीपासून बचावासाठी वर्षातून दोनदा घेण्याच्या लेनाकापाविर या इंजेक्शनची चाचणी दक्षिण आफ्रिका आणि युगांडात १६ ते २५ वयाच्या तरुणींवर झाली, आणि इंजेक्शन मिळालेल्या २,१३४ जणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. ज्या मुलीला कंडोमची मागणी करता येत नाही, तिच्यासाठी पुरुषाच्या संमतीवर न टेकलेले हे सहज पेलणारे साधन आहे. ते तिच्या गावच्या दवाखान्यापर्यंत पोचणे हा वेगळा प्रश्न आहे, विशेषतः जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत रोखल्यानंतर, कारण पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतले तरुण मुलींसाठीचे बरेचसे काम त्याच पैशावर उभे होते.

मोठ्या वयाच्या पुरुषांपासून झालेल्या गर्भधारणा साठ टक्क्यांहून अधिक घटल्या, पण हे पुरुष या प्रयोगात कुठेच नव्हते. कोणी त्यांना वर्गात बसवले नाही, त्यांच्यापुढे आकडे लिहिले नाहीत, आणि आठवीच्या मुलीने पाठ फिरवल्यावर ते कोणाकडे वळले याची नोंद झाली नाही. नोंदवही होती ती आठवीच्या पटाची. जी मुलगी गणवेश नसल्यामुळे सहावीत किंवा सातवीतच शाळेबाहेर पडली होती, आणि बोडाबोडाच्या थांब्यावर किंवा उसाच्या फडाजवळ शेंगदाणे विकत उभी होती, तिचे नाव त्या पटावर नव्हते.